बुद्धाच्या देशातला माणूस

आमच्याकडे स्लाइड्स बघायला येणारे लोक हमखास म्हणतात, "अरे, तो तुझा आशीर्वादाचा फोटो लाव ना!" तो फोटो मी प्रोजेक्टरच्या ट्रेमधून काढून टाकला त्याला दोन वर्षं झाली. का काढला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी पुन्हा एकाने तेच म्हटलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली, म्हणून आज लिहायला बसलो आहे. यात त्याच्यावरचा राग किती आणि स्वतःवरचा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. त्या उन्हाळ्यात आम्ही एक जपानी मशीन घेतलं आणि ते शिकून यायला मला आणि माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याला तीन आठवडे जपानला पाठवलं. त्या काळात आमच्याकडे जपानी माणसाबद्दल कुणी धड बोलत नसे. हे लोक आपल्या नोकऱ्या खाणार, असं कॅन्टीनमध्ये रोज कानावर यायचं. आणि तिथे गेल्यावर आम्हाला शिकवणारा जपानी इंजिनियर, माझ्याच वयाचा, चाळिशीतला, आपला रविवार मोडून आम्हाला कामाकुरा दाखवायला घेऊन निघाला. सोबत त्याची आई होती. पंचाहत्तरीच्या पुढची, ठेंगणी, हातात पांढरी छत्री आणि पिशवीत आमच्यासाठी गार चहाचा थर्मास.

कामाकुरा हे टोकियोपासून आगगाडीने तासाभरावरचं जुनं गाव. एकेकाळची राजधानी. ऑगस्टचा उकाडा असा, की सकाळी दहालाच शर्ट पाठीला चिकटला. झाडांवरचे किडे एकसुरात इतके कर्कश ओरडत होते, की बोलताना आवाज चढवावा लागे. घरांच्या परसातून जाणारी एक लुटुपुटीची गाडी आहे, तिने आम्ही मोठ्या बुद्धापर्यंत गेलो. उघड्यावर बसलेला, हिरवट झालेल्या ब्राँझचा, तीन-चार मजल्यांएवढा बुद्ध. त्याच्यावर एकेकाळी लाकडी देऊळ होतं, ते समुद्राच्या लाटेने वाहून नेलं, असं त्या इंजिनियरने सांगितलं. मूर्ती आतून पोकळ आहे आणि आत जाता येतं. आत भट्टीसारखं तापलं होतं. पण बुद्धाच्या पाठीला दोन खिडक्या आहेत आणि त्या सताड उघड्या होत्या.

त्या खिडक्या बघून मला एकदम आमच्या गावातल्या घराची खिडकी आठवली. आम्ही ब्राह्मण. बुद्धपौर्णिमेला, ऐन मे महिन्यात, गावातल्या बौद्धांची मिरवणूक आमच्या आळीवरून जायची आणि त्या वेळी वडील रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे. "धूळ येते," म्हणायचे. त्याच रस्त्यावरून गणपती जायचा तेव्हा धूळ येत नसे. मी पंधरा-सोळा वर्षं त्या बंद खिडकीच्या आत घाम पुसत बसलो आणि एकदाही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर आजींनी मुलाला काहीतरी विचारलं. तो मला म्हणाला, "आई विचारते, तुम्ही बुद्धाच्या देशातले ना?"

"हो."

आजींनी पुन्हा काही विचारलं. तो जरा संकोचून म्हणाला, "मग तुम्ही बौद्ध आहात का?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? लोकांना मी नंतर सांगत आलो की समजावत बसण्याचा कंटाळा आला म्हणून. ते खोटं आहे. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी हो म्हणालो, कारण त्या बाईच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीतरी उजळलं होतं आणि ते मला विझू द्यायचं नव्हतं. अमेरिकेत दहा वर्षं मी कुणाच्याच देशातला नव्हतो. ऑफिसात मला कुठला म्हणून विचारायचे आणि उत्तर ऐकण्याआधी हत्ती-सापांवर घसरायचे. इथे कुणीतरी मला मोठ्या घरचा माणूस समजत होतं.

आजींनी छत्री मिटून मुलाच्या हातात दिली, दोन्ही हात जोडले आणि त्या खडीवर कमरेत पार खाली वाकल्या. वाकून तशाच राहिल्या. आणि मी, देवघरात बसायचाही कंटाळा करणारा माणूस, कॅलेंडरवरच्या देवासारखा उजवा हात वर केला. माझ्या अमेरिकन सहकाऱ्याने नेमका तेव्हा माझ्याच कॅमेऱ्याने फोटो काढला.

तिथेच थांबलं असतं तर मी बहुधा विसरूनही गेलो असतो. पण पुढच्या शनिवारी आजी मला भेटायला टोकियोला आल्या. आसाकुसाच्या देवळाच्या दरवाजात, जिथे माणसापेक्षा उंच लाल कंदील टांगलेला आहे, तिथे अकरा वाजता भेटायचं ठरलं होतं. मी सकाळी अकिहाबाराला गेलो. तिथे गल्ल्याच्या गल्ल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंनी भरलेल्या असतात. मेहुण्यांसाठी कॅसेट प्लेअर, भाचीसाठी कॅल्क्युलेटरचं घड्याळ, अशी यादी माझ्या खिशात होती. मी पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. आजी कंदिलाखाली उभ्या होत्या. किमोनो नेसलेल्या, गळ्याशी घामाने भिजलेल्या. मुलगा म्हणाला, "आतल्या बाकावर बस म्हटलं, पण ती म्हणाली, तुम्ही आलात आणि मी दिसले नाही तर?"

त्यांनी पिशवीतून जांभळ्या रेशमी रुमालाची घडी काढली. आत जपमाळ होती. काळपट लाकडी मणी, हाताळून गुळगुळीत झालेले. त्यांच्या नवऱ्याची. तो त्याच वर्षी वसंतात गेला होता. आपल्याकडे पितृपंधरवडा असतो तसे तिकडे ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस असतात आणि हे त्याचे पहिलेच होते. त्याला आयुष्यभर बोधगयेला जायचं होतं, जमलं नाही. निदान त्याची माळ तरी त्या झाडाखाली पोचावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"तुम्ही डिसेंबरमध्ये घरी जाणार म्हणालात," इंजिनियर म्हणाला. "आई म्हणते, पाहुण्याला ओझं देऊ नये. पण तुम्ही बौद्ध आहात, म्हणून धाडस करते."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी दोन्ही हातांनी माळ घेतली आणि म्हणालो, "नक्की पोचवीन." आजी पुन्हा वाकल्या. कॅसेट प्लेअरची पिशवी मी पायांमागे लपवली होती, हे मला पक्कं आठवतं.

सप्टेंबरमध्ये घरी पॉटलक ठेवलं, म्हणजे प्रत्येकाने आपापला डबा आणायचा. आमच्या मराठी मंडळींत कुणीही कुठून फिरून आलं की जेवण आणि मग स्लाइड्स, असा प्रघात आहे. भिंतीवर चादर लावली. चार-पाच कुटुंबं होती आणि जवळच्या विद्यापीठात पीएचडी करणारा नागपूरचा एक तरुण होता. तो बौद्ध. ते त्याने होऊन सांगितलं नव्हतं. आमच्यात नवा माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत "आडनाव काय? मूळचे कुठले?" होतं, आणि त्यातून ज्याला जे कळायचं ते कळतं. त्याच्याही बाबतीत कळलं होतं. "वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली," हे त्याने विचारल्यावर सरळ सांगितलं आणि त्यानंतर सगळे त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले.

तो दर वेळी डबा भरून सांबारवडी आणायचा. नागपूरकडचा कोथिंबिरीचा पदार्थ. एकटा मुलगा, होस्टेलच्या स्वयंपाकघरात तळून, सायकलच्या मागे बांधून आणायचा. आणि दर वेळी डबा जवळजवळ तसाच परत जायचा. कुणी वाईट बोलायचं नाही. "अरे, पोट किती भरलंय!", "तळलेलं डॉक्टरांनी बंद केलंय यार!" आणि तोच माणूस दुसऱ्या डब्यातली भजी चापत असायचा. मी हे बघत होतो. कितीतरी महिने बघत होतो.

तर स्लाइड्स चालू होत्या. बुद्धाची झाली, उघड्या खिडक्यांची झाली, आणि मग चादरीवर मी आलो. हात वर करून उभा, आणि पुढे कमरेत वाकलेल्या आजी.

"भन्तेजी!" एक मित्र ओरडला. खोलीभर हशा पिकला. एकाने गुरुजींच्या सुरात "बुद्धं शरणं गच्छामि" लावलं. मला चेव आला. मी सगळा किस्सा सांगितला. आजींनी काय विचारलं, मी कसा हो म्हणालो, आणि माळेचंही.

"वहिनी, आता यांना सोवळं देऊ नका हं!"

"म्हणजे खुशाल हो म्हणालास? लेका, मग पोराबाळांचं काम झालं! इंडियात कोट्यातून ॲडमिशन!"

याला सगळ्यात मोठा हशा मिळाला. मीसुद्धा हसलो. ते मला नाकारता येणार नाही. माझ्या हसण्याचा आवाज मला आठवतो.

माझी आठ वर्षांची मुलगी पुढे गालिच्यावर बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "बट बाबा, वी आर नॉट बुद्धिस्ट. व्हाय डिड यू से यस?"

"गंमत गं," मी म्हणालो.

मागून त्या नागपूरच्या मुलाचा आवाज आला. अगदी शांत. "काका, त्या आजींना नंतर खरं सांगितलंत का?"

"अरे, एवढं काय त्यात?"

"माळ कुठे आहे?"

"आहे, ड्रॉवरमध्ये."

"डिसेंबरात नेणार ना?"

"बघू रे. बोधगया म्हणजे केवढं आडवाटेला. सुट्ट्या तीनच आठवडे."

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आपला डबा उचलला. माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, येतो. जेवण छान होतं." डब्याच्या झाकणाचा आवाज झाला, सायकलचं कुलूप उघडल्याचा झाला. मी पुढची स्लाइड लावली. टोकियोचा टॉवर होता.

डिसेंबरमध्ये आम्ही भारतात गेलो. दोन लग्नं, एक मुंज, महाबळेश्वर. बोधगयेला गेलो नाही. माळ मी सोबतसुद्धा घेतली नव्हती. परत आल्यावर पत्रपेटीत जपानहून नववर्षाचं कार्ड होतं. खाली इंजिनियरच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या: आई रोज विचारते, माळ पोचली का?

मी दुसऱ्याच दिवशी उत्तर टाकलं: पोचली.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. कामाकुराला तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल. पण हे कार्ड मी टेबलाशी बसून लिहिलं, वाचलं, स्टँप लावला आणि पेटीत टाकायला चालत गेलो.

फेब्रुवारीत त्यावर पत्र आलं. आईला फार समाधान वाटलं. ती आता रोज सकाळी अर्धा तास पश्चिमेकडे तोंड करून बसते, असं त्यात होतं.

त्या दिवसापासून ड्रॉवर उघडायची मला भीती वाटायला लागली. मग मी एक युक्ती काढली, आणि ती मला तेव्हा चांगली वाटली होती, याचीच आज सगळ्यात जास्त चीड येते. मी माळ घेऊन त्या नागपूरच्या मुलाच्या होस्टेलवर गेलो. त्याने चहा केला. मी म्हणालो, "तू उन्हाळ्यात घरी जाणार आहेस ना? नागपूरहून गयेला जाणं तुला सोपं. शिवाय तुमचं ते पवित्र ठिकाण. तुझ्या हातून गेली तर जास्त योग्य होईल."

त्याने रुमाल उघडला, माळ बघितली, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवली.

"काका, शब्द कुणी दिला?"

"मीच रे, पण..."

"मग मी कशाला? बौद्ध म्हणून मान घ्यायचा तेव्हा तुम्ही बौद्ध. आणि काम करायची वेळ आली की मी बौद्ध?"

मी चहाचा कप उचलून पुन्हा ठेवला.

"माझे वडील त्या एका शब्दासाठी काय काय सोसून बसलेत, तुम्हाला माहीत नाही. त्यांना नोकरीच्या गावात तीनदा घर सोडावं लागलं. तुम्ही तोच शब्द फोटोपुरता वापरलात. आणि त्यावर तुमच्या घरात काय बोलले लोक? मी तिथेच बसलो होतो. तुम्ही हसलात, काका."

"मग आता काय करू?" मी विचारलं. पंचेचाळिशीला आलेला माणूस पंचविशीच्या पोराला विचारत होता.

"आजींना खरं लिहा. चहा गार होतोय."

ते पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. मी बौद्ध नाही, मी बोधगयेला गेलो नाही, माळ माझ्याकडेच आहे, एवढीच तीन वाक्यं खरी होती. बाकी तीन आठवडे मी त्यांच्याभोवती कारणं रचत होतो आणि खोडत होतो. शेवटी तीन वाक्यं आणि माफी, एवढंच पाठवलं. त्याच दिवशी ती स्लाइड काढली.

उत्तर येईपर्यंतच्या दिवसांत पुन्हा एक पॉटलक झालं. तो मुलगा आला नव्हता. कोट्याचा विनोद करणारा मित्र म्हणाला, "तो हल्ली येत नाही ना? बरंच झालं यार. जरा ऑकवर्डच व्हायचं."

माझा तोल गेला. "ऑकवर्ड कशाने व्हायचं? वर्षभर तो पोरगा डबा आणत होता. तुमच्यापैकी एकाने तरी त्यातली वडी खाल्ली?"

"ए, काहीतरी काय! आम्ही असं काही मानत नाही हं."

"कोण मानतं हल्ली?" दुसरा म्हणाला.

"मानत नाही तर डबा भरलेला परत कसा जायचा? आपोआप भरायचा?"

सगळे ताटांत बघायला लागले. कुणीतरी मुलांना उगाच हाका मारल्या. तेवढ्यात ओट्याशी उभी असलेली माझी बायको, वर न बघता, म्हणाली, "अहो, तुम्ही तरी कुठे खाल्लीत?"

एकदा खाल्ली होती. स्वयंपाकघरात, उभ्याने, कुणी नसताना. फार सुंदर झाली होती. ते मी त्यालाही सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन सगळ्यांसमोर दुसरी घ्यायची माझी छाती झाली नव्हती. तेव्हा मी कुणावर ओरडत होतो?

पण तरीही मी म्हणतो, त्या "आम्ही असं काही मानत नाही"चा मला संताप येतो. मानणारा माणूस निदान दिसतो तरी. माझे वडील खिडकी लावायचे, ती लागलेली सगळ्या आळीला दिसायची. आम्ही आठ हजार मैलांवर येऊन खिडकी उघडी ठेवायला शिकलो, आणि तिच्या आत बसून हसायला.

एप्रिलमध्ये जपानहून पत्र आलं. इंजिनियरने इंग्रजीत लिहिलं होतं, एकाच पानावर. तुम्ही बौद्ध नाही याचं आईला फार वाटलं नाही. पण माळ तिथे आहे असं समजून ती दोन महिने रोज त्या दिशेला बसत होती, ते तिला लागलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिचं म्हणणं आहे की माळ परत पाठवावी. पुढच्या हिवाळ्यात ती स्वतः घेऊन जाणार आहे. तिचे गुडघे फार दुखतात, म्हणून मी सोबत जाईन. खाली सही. कामाचं काही नाही, बायकोमुलांची चौकशी नाही.

मी बोधगयेला आत्ता जाऊन येतो, असं कळवावं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. विमानाच्या चौकशीचा फोनही केला. मग लक्षात आलं, की त्यांनी मला जा म्हटलेलंच नाही. त्यांना माळ माझ्या हातून जायला नको होती. ती मी परत पाठवीन, एवढाच त्यांचा माझ्यावर उरलेला विश्वास होता, आणि तोही नाइलाजाने.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पोस्टात गेलो. माळ त्याच रुमालात होती, घडी त्या मुलाने घातलेली. खिडकीपलीकडच्या बाईने परदेशी पार्सलचा फॉर्म पुढे सरकवला. मी आत काय आहे ते लिहिलं.

"भेटवस्तू आहे का?" तिने विचारलं. "असेल तर इथे खूण करा."

तिच्या दृष्टीने तो दिवसातून पन्नासदा विचारायचा प्रश्न होता. माझ्या मागे रांग होती.

"नाही," मी म्हणालो. "त्यांचीच आहे."